मला सांगायचं नाही

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेबी माईच्या घराचा जिना चढत होती, तेव्हा तिच्या हातांना अजून छकूमावशीच्या खोलीचा वास येत होता. स्पिरिटचा, पावडरचा आणि आजारी माणसाखाली दोन दिवस राहिलेल्या चादरीचा. एरवी इथे येण्याआधी ती खालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची. आज तिने ते धुतले नाहीत. येऊ दे वास, असं ती मनाशी म्हणाली आणि वर आली.

बेबी बावन्न वर्षांची होती आणि शाळेत गणित शिकवायची. तिचं घरातलं नाव वर्गातल्या मुलांना कळलं असतं, तर मुलं वर्षभर हसली असती. गेले आठ महिने शाळा सुटली की ती मावशीकडे जात होती. छकूमावशीने लग्न केलं नव्हतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिने तळमजल्यावरच्या दोन खोल्या स्वतःच्या केल्या होत्या, आणि त्याच खोल्यांत आता ती पोटाच्या कॅन्सरने संपत आली होती. तिची माणसं म्हणजे हीच: बेबी, बेबीचा धाकटा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी. आणि मावशीची सख्खी मोठी बहीण माई, म्हणजे बेबीची आई. पण माईला यातलं काहीही सांगायचं नव्हतं. तशी बंदी होती.

बंदीला दोन वर्षं झाली होती. त्याआधी चार वर्षांत माईचा नवरा गेला, मग एकुलता एक भाऊ गेला. माईने पेन्सिलच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तपासणीच्या टेबलाला सहा जणी समोरासमोर बसायच्या, वाकड्या पेन्सिली बाजूला काढायच्या, आणि घरी जाताना सहाही जणींची बोटं काळी असायची. निवृत्तीनंतरही त्या महिन्यातून एकदा भेटत, टेबलावर पडलेल्या टोपणनावांनीच एकमेकींना हाक मारत. उंटीण गेली, साखर गेली, मग आणखी दोघी. मागे उरल्या माई आणि पोपट. मग माईचा थोरला मुलगा गेला, अठ्ठावन्न वर्षांचा, आणि त्याच्या अकराव्या दिवशी पोपट गेली. तो फोन वहिनीने घेतला होता. जेवताना तिने सांगितलं. माईने ताट बाजूला सारलं.

"यापुढे कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर मला सांगायचं नाही," ती म्हणाली होती. "मी विचारणार नाही. आणि गेलेल्यांची नावं या घरात निघता कामा नयेत. ज्याला जमत नसेल त्याने इथे येऊ नये."

सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिने चालेल. माईने वर्तमानपत्र बंद केलं, फोटो कपाटात गेले, थोरल्याचे शर्ट आठवड्याच्या आत वाटून टाकले गेले. माई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जुन्या मासिकांतली शब्दकोडी सोडवू लागली. सगळी सोडवून झाली की रबराने खोडून पुन्हा पहिल्यापासून. छकूमावशी दर बुधवारी यायची ती आठ महिन्यांपूर्वी यायची थांबली. पहिल्या बुधवारी माईने दोन कप काढून ठेवले. दुसऱ्या बुधवारी एकच काढला. छकू का आली नाही, हे तिने कुणालाही विचारलं नाही.

स्वयंपाकघरात वहिनी आणि धाकटा आधीच बसले होते. मावशीजवळ शेजारणीला बसवून बेबी आली होती. तिने दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. आठवडा धरू नका, म्हणाले, एक-दोन दिवस धरा. मावशीने आठ महिन्यांत एकदाही बहिणीचं नाव घेतलं नव्हतं, तिलाही बंदी ठाऊक होती. आज सकाळी तोंड पुसताना तिने बेबीचं मनगट धरलं आणि म्हणाली, ताईला आण.

"मी तिला घेऊन जाणार," बेबी म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्याबरोबर असा, एवढंच मागणं आहे."

धाकटा लगेच हो म्हणाला. तो सगळ्याच गोष्टींना लगेच हो म्हणायचा. वहिनी मात्र टेबलावरचा ओला डाग फडक्याने पुसत म्हणाली की माईंना विचारल्याशिवाय काही करू नका. त्यांनी ज्या आधारावर दोन वर्षं काढलीत तो काढून घेऊ नका. बेबीला हे अनपेक्षित होतं. वहिनी या घरात माईबरोबर एकटी राहत होती, पण ती आपल्या बाजूची आहे असंच बेबी धरून चालली होती. वहिनीने मावशीच्या रक्ताचे नमुने स्वतः नेले होते. प्रयोगशाळेत नोकरीला होती ती. मावशीच्या कागदावरचे आकडे डॉक्टरांच्या आधी तिने पाहिले होते.

"वहिनी, ती मरतेय," बेबी म्हणाली.

"मला माहीत आहे. पण इथे माईंचं काय होईल, ते मला बघायचंय. तुम्ही दोघं संध्याकाळी आपापल्या घरी जाल."

ते खरं होतं, म्हणून बेबीला जास्त राग आला. ती वळून थेट माईच्या खोलीकडे निघाली. धाकटा तिच्या मागे गेला.

माई खुर्चीत होती, मांडीवर मासिक. एक्याऐंशी वर्षांची, हाडाने बारीक, पाठीने अजून ताठ. बेबी जवळ आली तशी तिची पेन्सिल थांबली. तिने वर पाहिलं नाही, पण नाकपुड्या हलल्या. धाकट्याने ते पाहिलं आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, आपण इथे यायला नको होतं.

बेबीने समोर स्टूल ओढलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आजार कधी कळला, किती पसरला, मावशी आता काय खाते, म्हणजे काहीच खात नाही, आणि आज सकाळी ती काय म्हणाली. माईने पहिल्याच वाक्याला हात वर केला होता. बेबी थांबली नाही. हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूहळू खाली, मासिकावर आला.

"झालं तुझं?" माई म्हणाली. "हे घर माझं आहे, आणि इथे काय बोलायचं ते ठरलेलं आहे." मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "हिला खाली सोडून ये."

आणि धाकट्याने पाय मागे घेतला. बेबी, राहू दे, तो म्हणाला, तिला झेपणार नाही, वय बघ तिचं. आपण आहोत ना मावशीकडे. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. पाच मिनिटांपूर्वी स्वयंपाकघरात तो हो म्हणाला होता.

"आपण?" बेबीने विचारलं. "आठ महिन्यांत तू किती वेळा आलास तिथे?"

दोनदा. तो आकडा बेबीलाही माहीत होता. धाकटा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. रविवारीही खिशातला फोन वाजला की त्याला जावं लागे, आणि मावशीकडे न जाण्याचं कारण म्हणून ते पुरत होतं. खरं कारण वेगळं होतं. मावशीच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्याला थोरल्या दादाच्या वॉर्डातला वास आला होता. दादा गेला त्या सकाळी पाळी त्याची होती. पहाटेपासून तो पलंगाशी बसला होता. सहाला फोन आला, एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत तीन माणसं होती. तो दुसऱ्या कारागिराला पाठवू शकला असता. दादाचा श्वास ऐकत बसण्यापेक्षा अडकलेली लिफ्ट बरी, असं त्याला वाटलं आणि तो गेला. वहिनीला म्हणाला, अर्ध्या तासात येतो. तीन माणसं सुखरूप बाहेर काढून तो जिन्यातच बसून होता, तेव्हा वहिनीचा फोन आला.

माईची बंदी आली तेव्हा सगळ्यांनी ती सोसली. धाकट्याला ती सोसावी लागली नाही. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, याच्याइतकं सोयीचं दुसरं काय असणार होतं? आता बेबी त्याच्याकडे बघत होती आणि त्याला तिच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

बेबी मग आईवर उलटली. दोन वर्षांत ती हे पहिल्यांदाच करत होती. म्हणाली, मावशीला तू वाढवलंस असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलंस. आजी गेली तेव्हा ती पाच वर्षांची आणि तू तेरा, तिच्या वेण्या तू घातल्यास, तिला शाळेत तू सोडलंस. मग आता तिला कोणाच्या जिवावर सोडतेस? माईने मासिक मिटलं. तिचा आवाज चढला नाही.

"मी किती जणांना पोचवलंय, मोजलंस का? तू गणिताची ना. मी आता कुणाला पोचवणार नाही. रडारड करून काय होतं ते मी पाहिलंय. ही बघ." दाराशी वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली होती. "हिचा नवरा गेला. दोन वर्षांत हिने एक शब्द काढला का कधी? सकाळी उठते, कामाला जाते, येते, जेवते, झोपते. हिच्याकडून शीक. दुःख कसं गिळायचं ते या घरात हिला एकटीला कळलंय."

वहिनीने ट्रे पलंगावर ठेवला. टेबल मोकळं होतं, तरी तिने पलंगावर ठेवला, आणि एक कप कलंडून चादरीवर चहा पसरला. तिने तो पुसला नाही.

तिला आठवलं की नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, प्रयोगशाळेत एकीने विचारलं होतं, कशी आहेस. तेव्हा तिने तोंड उघडलं होतं आणि आवाज फुटलाच नव्हता. घरी बोलायची सवय मोडली होती. वाटल्या गेलेल्या शर्टांपैकी एक तिने आधीच काढून कामाच्या ठिकाणच्या कपाटात ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत कपाटाचं दार उघडायचं, मिनिटभर उभं राहायचं आणि बंद करायचं. तेवढंच तिचं रडणं. तरीही आज सकाळपर्यंत तिला वाटत होतं की माई आपल्याला सांभाळून घेतेय. दोघींचं एकच माणूस गेलं, म्हणून दोघी गप्प. त्या गप्पपणात आपण दोघी एकत्र आहोत, अशी तिची समजूत होती.

"मी गिळलं नाही, माई," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नका म्हणालात म्हणून बोलले नाही. तुमचा मुलगा होता, तुमचं दुःख मोठं, म्हणून मी थांबले. म्हटलं, वर्षभराने विचारतील. माझं तिशीपासूनचं आयुष्य त्यांच्याबरोबर गेलं आणि दोन वर्षांत मला त्यांचं नाव घेता आलं नाही. मी घरी येते तेव्हा ते मेले आहेत असंसुद्धा वाटत नाही. ते कधी नव्हतेच, असं वाटतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली.

"त्यांना तुम्ही जन्म दिलात," वहिनी म्हणाली, "आणि तुम्हीच पुसलंत. आता मावशींना पुसाल. मग मला. मी इथे एकटी पडेन तेव्हा माझ्यासाठी कोण येईल, एवढं सांगा."

ती आरडाओरडा करत नव्हती. रोज रक्त द्यायला येणाऱ्या लोकांना हात सैल सोडा म्हणून सांगायची, त्याच आवाजात बोलत होती. बेबी उठून तिच्याजवळ गेली, पण खांद्याला हात लावायचा धीर तिला झाला नाही. सकाळी स्वयंपाकघरात ज्या बाईवर ती चिडली होती तिच्यासमोर आता ती खाली मान घालून उभी होती. आपणही दोन वर्षं या घरात येत होतो, हवापाण्यावर बोलत होतो आणि वहिनीला काही न विचारता जात होतो, हे तिच्या लक्षात आलं. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्या सकाळबद्दल आता सांगावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. पुढे वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं.

माई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, पलंगाखालून चपला पायाने ओढल्या आणि त्यात पाय घालायला लागली. डावा पाय जाईना. वहिनी वाकली नाही. शेवटी धाकट्याने बसून तिला चपला घातल्या.

गाडीत माई पुढे बसली. गेल्या दोन वर्षांत ती डोळ्यांच्या डॉक्टरांपलीकडे कुठे गेली नव्हती. छकूच्या गल्लीत शिरताना कोपऱ्यावरचं दुकान बंद होऊन तिथे दुसरं काही आलेलं तिने पाहिलं. त्या दुकानाचा म्हातारा मालक गेला असणार. तिने मान वळवली. तिला राग येत होता, बेबीचा, सुनेचा आणि सगळ्यांत जास्त छकूचा. आठ वर्षांनी लहान होती ती. नियम असा होता की छकू मागे राहील. माई जाईल तेव्हा छकू पलंगाशी असेल, हे माईने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि या एका गोष्टीवर तिने बाकी सगळे मृत्यू सोसले होते.

खोलीत शिलाई मशीन झाकून कोपऱ्यात ढकललं होतं आणि त्याच्यावर औषधांच्या बाटल्या होत्या. पलंगावर कुणी आहे की नुसतं पांघरूण आहे, हे पहिल्यांदा कळलंच नाही. मग उशीवर डोकं दिसलं, केस कापलेले.

"आलीस," छकू म्हणाली. डोळे लख्ख उघडे होते. "किती वाजले?"

"दोन."

"मला वाटलं, मी गेल्यावरही येणार नाहीस."

माई खुर्चीवर बसली. बेबी बाहेरच्या खोलीत गेली आणि जाताना दार अर्धं लोटलं. छकूचा हात पांघरुणावर होता. कात्री धरून अंगठ्याशी पडलेला जुना घट्टा सोडला तर ओळखू यावा असा तो राहिला नव्हता. माईने तो हातात घेतला. आजारी माणसाशी काय बोलतात, ते दोन वर्षांत ती विसरली होती.

छकूला आता वाक्य पुरं करायला थांबावं लागत होतं. थांबत थांबत तिने विचारलं, गुडघे कसे आहेत, कोडी सुटतात का, बेबीला जास्त बोलू नकोस, ती रोज रिक्षातून उतरताना रडलेली असते. मग डोळे मिटून म्हणाली, "ताई, मला फार भीती वाटते गं."

"मला पण."

"तुला कसली? तू कुठे चाललीस?"

छकूने डोळे उघडले.

"एक विचारते. मी गेले की माझंही नाव काढायचं नाही का तुझ्या घरात?"

हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणंही सोपं होतं. कुणीही दुसरं असतं तर नाही म्हणून मोकळं झालं असतं. पण पाच वर्षांची असल्यापासून ही मुलगी माईच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं ओळखायची.

"मला माहीत नाही, छकू," माई म्हणाली. "मला दुसरं काही करता येईल असं वाटत नाही. मी एकेकाचं नाव घेत बसले तर मला उठताच येणार नाही."

छकूने हात सोडवून घेतला. त्याला फार वेळ लागला, कारण हातात जोर नव्हता, आणि माईने तो धरूनही ठेवला नाही.

"मग कशाला आलीस?" असं म्हणून छकूने तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती माईशी जाणतेपणी बोलली नाही. तासाभराने कळा सुरू झाल्या. आधी नुसते पाय हलत होते, मग तोंडातून आवाज यायला लागला. सून आत आली, तिने दंडाला हात लावून शीर पाहिली आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन दिलं. ते चढायला वेळ लागतो, ती म्हणाली. तो वेळ माईने छकूचे तळपाय चोळण्यात काढला. पाय गार होते. बेबी डोक्याशी उभी राहून कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. कळ आली की छकू कमरेतून वाकायची आणि हाक मारायची, आई. पुन्हा, आई गं.

आईचा चेहरासुद्धा छकूला आठवत नव्हता, हे ती स्वतः सांगायची. आई गेल्यावर काही महिने ती माईलाच आई म्हणत होती, आणि तेरा वर्षांच्या माईने तिला एक दिवस थापट मारून सांगितलं होतं, मी तुझी आई नाही, पुन्हा म्हणायचं नाही. त्या वयात माईला तो शब्द अंगावर पडल्यासारखा वाटला होता. त्यानंतर छकूने तो शब्द कधी वापरला नव्हता.

"आई गं," छकू म्हणाली.

"हो," माई म्हणाली. "इथे आहे."

छकूने ते ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पावणेपाचला औषध लागू पडलं, चेहऱ्याचे स्नायू सुटले, श्वास लांब आणि खरखरीत झाला. धाकट्याला कामावरून फोन आला आणि तो खाली मान घालून निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

सहानंतर बेबीने दोघींना बाहेर पाठवलं. ती म्हणाली, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, निदान हवेत बसा, मी आहे. दाराबाहेर दोन पायऱ्या होत्या, त्यांतल्या वरच्या पायरीवर माई बसली आणि खालच्या पायरीवर सून. समोरच्या इमारतीत एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"त्याला दुखलं का?" माईने विचारलं.

सुनेने मागे वळून पाहिलं नाही. कोणाला, असंही विचारलं नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप. साडेसहापासून जास्त. औषध वाढवा म्हणून मी सांगत होते, मोठे डॉक्टर आल्याशिवाय वाढवता येत नाही म्हणाले. माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सुजली. मग मला ओळखेनात. तुम्हाला हाका मारत होते."

माईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते तिथेच राहिले.

"मी म्हटलं, निघाल्यात, येतायत. ते विचारत राहिले, कुठवर आली. मी म्हटलं, रस्त्यात आहेत. सात दहाला गेले. तोवर मी घरी फोन लावत होते. पाच वेळा लावला."

"सहा," माई म्हणाली.

सून आता वळली.

"मी समोरच बसले होते," माई म्हणाली. "चहा होता हातात. पहिल्याच घंटेला मला कळलं कशाचा फोन आहे. म्हटलं, मी उचलत नाही तोवर तो आहे. वाजायचं थांबलं की मी पुढचा फोन मोजायला बसायची. सहाव्यानंतर वाजला नाही."

तिने एवढंच सांगितलं. पुढे काही सांगण्यासारखं नव्हतं.

"मला माहीत होतं," सून म्हणाली. "सगळ्यांना मी सांगितलं, लाइन लागत नव्हती. घंटा जात होती. तुम्ही घरात होतात, आणि तुम्हाला ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगू नका म्हणालात ना."

माईने मान हलवली. सुनेने माफ केलं नाही, आणि माईने मागितलंही नाही. एक हात लांब केला असता तर दुसरीच्या खांद्याला लागला असता इतक्या त्या जवळ होत्या. समोरची बाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत गेली, दिवा लागला, खिडकी बंद झाली. सून हळूहळू सांगू लागली, आदल्या दिवशी तो काय बोलला, किती पाणी प्याला, कुठल्या नर्सवर चिडला. बारीकसारीक गोष्टी होत्या. दोन वर्षं मनात घट्ट धरून ठेवल्यामुळे त्या क्रमाने येत नव्हत्या. माई ऐकत होती. प्रत्येक गोष्ट ऐकताना तिला वाटत होतं की आता पुरे, आणि ती पुरे म्हणत नव्हती.

मग मागे दार उघडलं. बेबी उंबऱ्यात उभी होती, हातात वाफ येणारी गरम पाण्याची बादली. तिने आईकडे पाहिलं, ओठ उघडले आणि मिटले. दोन वर्षांच्या सवयीने तिचं तोंड धरून ठेवलं होतं. सून उठून उभी राहिली. माई बसूनच होती.

"सांग," माई म्हणाली.

बेबीने सांगितलं. मावशीचं अंग पुसावं म्हणून ती पाणी तापवायला बाहेरच्या खोलीत गेली होती, दहा मिनिटं, जास्त नाही. परत आली तेव्हा श्वास थांबला होता. शेवटी खोलीत तिच्याजवळ कुणीच नव्हतं.